दोन दिवसांत फियाटमध्ये मारुतीचं इंजिन? एकेक वाक्य तपासून बघू

गेले दोन-तीन महिने कोल्हापुरातल्या जवळजवळ प्रत्येक गाडीवाल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मजकूर साधारण असा: ‘घरात जुनी फियाट पद्मिनी धूळ खात पडली आहे? तिचं इंजिन आता भंगार आहे, पार्ट कुठंच मिळत नाहीत. भंगारवाल्याकडनं मारुतीचं इंजिन आणा, शनिवार-रविवारात घरच्या घरी बसतं. बाकी गाडीत काही बदलावं लागत नाही. आरटीओत नवा नंबर चढवून देतात. अ‍ॅव्हरेज पंचवीस.’

माझ्या आतेभावानं तो मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘करूया काय?’ त्याच्या वडिलांची पद्मिनी कसबा बावड्यात शेडमध्ये उभी आहे. हे उत्तर त्याच्यासाठी लिहायला घेतलं. पण अशा शेडमधल्या गाड्या गावात अजून बऱ्याच आहेत, म्हणून सगळ्यांसाठीच लिहितोय.

त्यातला पहिलाच दावा मला सगळ्यात जास्त लागला. ‘इंजिन भंगार आहे.’ कुणी मोजलं?

माझी स्वतःची पद्मिनी १९७८ ची, वडिलांनी घेतलेली. जोतिबाचा डोंगर चढताना गरम व्हायची, ओढ नव्हती, सकाळी तीनच सिलिंडरवर चालल्यासारखी थरथरायची. चार जणांनी मला इंजिन बदलायचा सल्ला दिला आणि मीही दुसरं इंजिन शोधायला लागलो होतो. उद्यमनगरातल्या एका वयस्कर मेस्त्रींकडे सहज चौकशीला गेलो, तर ते म्हणाले, ‘दादा, आधी गेज लावूया की. इंजिन कुठं पळून चाललंय?’

कॉम्प्रेशन गेज म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचं घड्याळ. ते लावायला अर्धा तास लागतो. इंजिन गरम करायचं, चारही प्लग काढायचे, कॉइलची वायर सोडायची, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि गेजचा काटा वर जायचा थांबेपर्यंत सेल्फ मारायचा. माझ्या गाडीच्या चार सिलिंडरचे आकडे ओळीनं आले १२५, ६०, ६५, १२० पीएसआय. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजलं. ऑइल घातल्यावर आकडा चांगला वाढला तर पिस्टनच्या रिंगा आणि बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, झिजलेत असं समजायचं. नाही वाढला, तर दोष वर आहे, व्हॉल्व्हमध्ये किंवा गॅस्केटमध्ये. माझ्या दोन आणि तीन नंबरचे आकडे हलले नाहीत. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले की बहुतेक वेळा त्या दोघांमधलं हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग, फुटलेलं असतं, आणि इथं तेच निघालं. पद्मिनीचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं, तापलं की वाकतं. हेड फेसिंग केलं, म्हणजे घासून सपाट करून घेतलं, गॅस्केट नवं घातलं, रेडिएटर आतून साफ करून घेतला. त्याच इंजिनावर ती गाडी आज पन्हाळ्याला जाऊन येते.

‘पार्ट मिळत नाहीत’ हे कोल्हापुरात बसून म्हणणं तर मला अजिबात पटत नाही. ज्या गावात उसाला पाणी पाजणारी ऑइल इंजिनं बनली, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतून देशभरच्या गाड्यांसाठी कास्टिंग जातं, त्या गावात १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं साधं इंजिन दुरुस्त होत नाही? पद्मिनीचा बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, ७५. बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन बसतो. त्यापलीकडे झिजला असेल तर स्लीव्ह, म्हणजे आतून नवी नळी, मारून पुन्हा मूळ मापावर आणता येतो. क्रँक ग्राइंड होतो, व्हॉल्व्ह सीट कापून मिळतात. शोधावं लागतं हे खरं, थांबावंही लागतं. ब्लॉकलाच तडा गेला असेल किंवा क्रँक मोडला असेल, तर दुसरं इंजिन घालण्याचा विचार रास्त आहे. तो विचार गेज लावल्यानंतरचा.

आता ‘मारुतीचं इंजिन दोन दिवसांत बसतं.’ कुठल्या मारुतीचं, हेच मेसेजमध्ये लिहिलेलं नाही, आणि सगळा घोळ तिथंच आहे. मारुती ८०० चं इंजिन गाडीच्या रुंदीत आडवं बसतं आणि पुढची चाकं चालवतं. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारे गिअर) एकाच केसिंगमध्ये. पद्मिनीत इंजिन लांबीत बसतं आणि प्रॉपेलर शाफ्टमधून, म्हणजे गाडीखालच्या लांब फिरत्या दांड्यातून, मागची चाकं फिरवतं. शिवाय ८०० चं इंजिन ७९६ सीसीचं, म्हणजे एवढी खटपट करून मूळच्यापेक्षा लहान इंजिन पदरात. ओम्नीचं मागच्या चाकांवर चालतं, पण ते सीटखाली मावावं म्हणून एका बाजूला कललेलं बसवलेलं असतं. त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे जिप्सीचं १२९८ सीसीचं, कारण ते लांबीत बसतं.

तेही ‘बसतं’ म्हणजे काय, ते मी एका मित्राच्या गाडीवर जवळून पाहिलं. दोन दिवसांत फक्त जुनं इंजिन चेन पुलीवर बाहेर आलं. नव्याचा संप, म्हणजे खालची ऑइलची टाकी, पुढच्या क्रॉस मेंबरला (आडव्या पट्टीला) अडला. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड स्टिअरिंग बॉक्सला घासायला लागला. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगवर, नव्या गिअरबॉक्सचा खाली, म्हणून मधला पत्रा कापावा लागला. प्रॉपेलर शाफ्टची लांबी बदलली, तो लेथवर कापून, जोडून, बॅलन्स करून घ्यावा लागला. आणि कोन! गिअरबॉक्समधून निघणारा शाफ्ट आणि मागच्या डिफरन्शियलचा पिनियन (त्यात शिरणारा शाफ्ट) एकमेकांना समांतर राहिले पाहिजेत. तसे राहिले तर प्रॉपेलर शाफ्टच्या पुढच्या टोकाचा सांधा, म्हणजे जॉइंट क्रॉस, जो हिसका देतो तो मागचा क्रॉस भरून काढतो. माउंटिंग दोन बोटं वरखाली वेल्ड झालं की साठच्या पुढं गाडी गुंगायला लागते आणि क्रॉस वारंवार जातात. मित्राचं माउंटिंग तीनदा कापून पुन्हा लावलं.

एमपीएफआयचं, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हुकमानं पेट्रोल फवारणारं इंजिन घ्यायचं तर काम आणखी वाढतं: ईसीयू (तो कॉम्प्युटर), सगळे सेन्सर, अखंड वायरिंग, आणि कार्ब्युरेटरच्या पंपाच्या कितीतरी पट दाबाचा पेट्रोल पंप. जुन्या रबरी नळ्या तो दाब सोसत नाहीत. इंजिनाच्या डब्यात पेट्रोल गळण्यासारखं घातक दुसरं काही नाही.

पद्मिनीला वेगळी चेसिस नाही, बॉडीचा पत्राच सगळा भार घेतो. आपल्याकडचा पाऊस बघता तळ आणि दारांखालचे पत्रे कुजलेले असणारच. कुजक्या पत्र्यावर नवं माउंटिंग वेल्ड केलं तर ते किती दिवस धरेल? म्हणून पत्राकाम आधी, इंजिन मागाहून.

‘बाकी काही बदलावं लागत नाही’ हे वाक्य तर माणसाच्या जिवावर उठणारं आहे. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. वेग साठवरून ऐंशीवर गेला की थांबवायची ऊर्जा सव्वापट होत नाही, जवळजवळ पावणेदोन पट होते. करूळ घाट उतरताना ते ड्रम तापतात, लायनर पकड सोडतात आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. जास्त ताकदीचं इंजिन घालायचं तर ब्रेक, सस्पेन्शन, रेडिएटर आणि क्लच हे सगळं त्याच कामाचा भाग आहे. हिंदुस्तान मोटर्सनं अँबेसिडरमध्ये इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन घातलं तेव्हा त्याबरोबर पाच गिअरचा गिअरबॉक्सही आला. कारखान्याला जे करावं लागलं ते शेडमध्ये कसं चुकेल?

‘आरटीओत नंबर चढवून देतात.’ मोटार वाहन अधिनियम, १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीवरचा तपशील जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सीएनजी, एलपीजी, बॅटरी अशा मान्य किटना अटींवर सवलत आहे. सर्वोच्च न्यायालयानंही ९ जानेवारी २०१९ च्या निकालात मूळ तपशिलापासून फारकत घेणारे बदल चालणार नाहीत असं सांगितलं. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन परवानगी काढून बदलणं वेगळं, आणि फियाटमध्ये मारुती घालणं वेगळं. परवानगी नसलेल्या बदलाला कलम १८२ अ खाली दर बदलामागं पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न इंजिन नंबरचा विचारेल. भंगारातल्या इंजिनाला बिल नसेल तर ते चोरीचं नाही हे आपण कशावरून दाखवणार?

अजून एक गोष्ट या मेसेजमध्ये येतच नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या खासगी गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते, ‘व्हीए’ अक्षरांच्या वेगळ्या नंबरसह. त्या नोंदणीवर रोज गाडी फिरवता येत नाही हे खरं. पण अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चेसिस, बॉडी, इंजिन यात मोठा फेरफार नसावा. माझी गाडी २०२८ मध्ये पन्नाशीला पोचते. आतेभावाची १९७५ ची, म्हणजे ती पोचलीसुद्धा. त्या गाडीचं मूळ इंजिन भंगारात घालणं म्हणजे ती वाट कायमची बंद करणं.

अ‍ॅव्हरेज पंचवीसबद्दल थोडकंच. मागच्या डिफरन्शियलचा रेशो जुन्या इंजिनाच्या हिशोबानं ठरलेला आहे. इंजिन बदलून तो तसाच ठेवला तर दुसऱ्या गाडीतला आकडा इथं मिळेल असं धरून चालता येत नाही.

घरच्या घरी जुनी गाडी पुन्हा चालती करण्याला माझा विरोध नाही, मीच ते करतो. येत्या रविवारी बावड्याला गेज घेऊन जातोय. चारही आकडे कागदावर लिहून होईपर्यंत एकही बोल्ट सोडायचा नाही, एवढं आतेभावाकडून कबूल करून घेतलंय.