चोरीचं विंडोज आणि आमच्या शाळेतला पेंग्विन

आज भाच्याला लॅपटॉप घ्यायला दुकानात गेलो होतो. पैसे दिले न दिले तोच दुकानातल्या पोरानं पेनड्राइव्ह लावला. "विंडोज, ऑफिस, फोटोशॉप, कोरल, सगळं टाकून देतो. पाचशे द्या." म्हटलं, विंडोजच्या जागी चालणारं, फुकटचं लिनक्स टाक बाबा. तर म्हणतो, "काका, ते कशाला? हेही फुकटातच पडतंय की!"

तेव्हापासून डोकं फिरलंय. लिनक्स, ऑफिसच्या जागी चालणारं लिबरऑफिस, चित्रं-डिझाइन करायच्या कोरलच्या जागी चालणारं इंकस्केप, हे सगळं फुकट असूनही आपल्याकडे का रुजलं नाही, याचं सगळं उत्तर त्या एका वाक्यात आहे. पैसे वाचतात म्हणून माणूस तिकडे वळला असता आणि वापरता वापरता बाकीचे फायदे त्याला कळले असते. क्रॅकनं, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडलेल्या चोरीच्या कॉपीनं, ते पहिलं कारणच हिरावून घेतलं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. देणगीत आलेल्या जुन्या कंप्युटरांवर मी लिनक्स बसवलं होतं. टक्स पेंटमध्ये चौथीच्या पोरी डोंगर, सूर्य, बैल काढायच्या आणि खाली बसलेला पेंग्विन त्यांना सूचना द्यायचा. मग देणगीदारांनी एक माणूस पाठवला. त्यानं एका दुपारी सगळं फॉरमॅट मारलं, क्रॅक विंडोज टाकलं आणि मला म्हणाला, "आता खरे कंप्युटर झाले, सर." दुसऱ्या दिवशी एका पोरीनं विचारलं, "सर, पेंग्विन कुठं गेला?"

काय सांगणार तिला?

लोकांना वाटतं, आपण विंडोजवाल्या मायक्रोसॉफ्ट कंपनीला गंडवतोय. अरे, १९७६ मध्ये आपलं 'बेसिक' नावाचं सॉफ्टवेअर चोरणाऱ्यांना खरमरीत पत्र लिहिणारे त्याच कंपनीचे बिल गेट्स १९९८ मध्ये चीनबद्दल बोलताना जाहीरपणे म्हणाले होते, की चोरायचंच असेल तर आमचंच चोरावं. सवय लागेल, पैसे कसे वसूल करायचे ते पुढच्या दहा वर्षांत बघू. आणि आमच्या शाळेत आलेल्या त्या माणसानं हेच काम बिनपगारी केलं! चाळीस-पन्नास पोरांच्या हाताला एकाच कंपनीची सवय लावून तो गेला. उद्या ही पोरं नोकरीला लागतील आणि त्यांचं ऑफिस लायसन्सचे पैसे मुकाट्यानं मोजेल.

बरं, ते "खरे कंप्युटर" तरी धड चालावेत? अपडेट बंद. कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून व्हायरस आला आणि सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले. शिष्यवृत्तीच्या याद्या मी पुन्हा टाइप केल्या.

प्रेसवाला कोरलची सीडीआर फाइलच मागतो, हे मान्य. गरीब घरातल्या पोराला फोटोशॉपचं भाडं परवडत नाही, हेही मान्य.

त्या दुकानातल्या पोरावर तरी किती चिडायचं? त्याला कुणी दुसरं काही दाखवलंच नाही. त्याच्या शाळेतही असाच कुणीतरी येऊन गेला असणार.

खरं नुकसान मराठीचं आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. लिनक्ससारखं मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो ते, सुधारतं ते वापरणाऱ्यांच्या तक्रारींवर. 'दऱ्या', 'सुऱ्या' यांतला ऱ्य एखाद्या फॉन्टमध्ये तुटला, तर ते लक्षात कुणाच्या येणार? मराठी माणसाच्याच. तो तिथे नसेल तर ते दुरुस्त करायला कोण बसलंय? चोरीची कॉपी वापरणारा तक्रार कुठेच करत नाही. तिकडे ग्राहक नाही म्हणून गप्प, इकडे आलाच नाही म्हणून गप्प.

केरळला हे कळलं. तिथल्या सरकारी शाळा केव्हाच लिनक्सवर गेल्या, पोरं त्यावर मल्याळममध्ये काम करतात. आपल्या पोरांना काय कमी आहे? पण सरकारी निर्णय निघेपर्यंत थांबायला मी तयार नाही. मुख्याध्यापकांशी बोललोय, दिवाळीच्या सुट्टीत शाळेतले कंप्युटर पुन्हा पुसतोय.

तुमच्याकडे जुना, रखडलेला लॅपटॉप असेल तर रविवारी दुपारी घरी घेऊन या. मिंट नावाचं लिनक्स टाकून देतो, मराठी टायपिंग चालू करून देतो, पैसे घेणार नाही. फक्त फोटो आणि कागदपत्रांचा बॅकअप घरूनच घेऊन या. चार्जर विसरू नका.