चहात बोट बुडवून काढलेली नदी

काल रात्री कट्ट्यावर विन्याने चहात बोट बुडवलं आणि दगडावर रेघ ओढली. "हे वर खोव्सगोल सरोवर. यातून एग नदी निघते नि सेलेंगेला मिळते. सेलेंगा पुढे रशियात जाऊन बैकाल सरोवरात पडते. मंगोलियाला धरण हवंय ते इथे, एगवर."

विन्या कामासाठी उलानबातरला, मंगोलियाच्या राजधानीत, दोन हिवाळे काढून आलाय.

"मग बांधू दे की! नदी त्यांची," पक्या म्हणाला.

"तेच तर!" विन्या म्हणाला. "तिथे उणे तीसमध्ये घराघरांत कोळसा जळतो. सकाळी नाक शिंकरलं की रुमाल काळा. वीज कमी पडली की रशियाकडून घ्यायची. ३१५ मेगावॉटचा प्रकल्प ठरला, चीन कर्ज देत होता. रशियाने बैकालला धोका असल्याचं कारण पुढे केलं आणि २०१६ मध्ये चीनने पैसे अडवले."

मी म्हटलं, "अरे, बैकालला नद्यांचं जे पाणी मिळतं, त्यातलं जवळपास निम्मं सेलेंगेचं आहे."

"धरण पाणी पितं का? वीज काढून खाली सोडतंच ना?" पक्या.

"सोडतं, पण कधी?" इथे माझा आवाज चढला. विजेची ओढ हिवाळ्यात. म्हणजे जुलै-ऑगस्टचा पूर अडवायचा आणि नदी गोठलेली असताना पाणी सोडायचं. वर्षाचं पाणी तेवढंच, पण नदीचं वेळापत्रक उलटं. सेलेंगेच्या मुखाशी प्रचंड त्रिभुज प्रदेश आहे, तो पुराच्या गाळावर जगतो. बैकालमधला ओमूल मासा शरद ऋतूत अंडी घालायला याच नदीतून वर चढतो. आणि एगमध्ये ताइमेन आहे, माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढा मासा. तो भिंत ओलांडून जाणार कसा?

विन्या ऐकून घेत होता. मग म्हणाला, "बैकालमधून बाहेर पडणाऱ्या अंगारा नदीवर इर्कुत्स्कला रशियाने १९५० च्या दशकातच धरण बांधलं. सरोवराची पातळी मीटरभर वर गेली. तेव्हा बैकाल कुणाचा होता?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. रशियाचा दुटप्पीपणा मला मान्यच आहे. "पण ताइमेनने त्याची भरपाई का करायची?" एवढंच म्हणालो.

रेघ वाळत आली होती. विन्याने पुन्हा बोट बुडवलं, बाजूला दुसरी रेघ काढली. "ही तूल. उलानबातरमधून जाते, ओर्खोनला मिळते, ओर्खोन सेलेंगेला. शहराचं सांडपाणी हिच्यातच जातं. बैकालची काळजी आहे ना तुला? मग हिच्याबद्दलही बोल."