प्लग काही बसेना!

सोलापूरचा मे महिना, पारा ४२ च्या पुढे, आणि कूलरचा प्लग पुन्हा गळून पडलेला! मोबाइलच्या चार्जरची तीच रड. पिना युरोपच्या मापाच्या, ४ मिलिमीटर; आपल्या पॉइंटची भोकं ५ मिलिमीटरच्या पिनांसाठी. लोंबकळणारच की! ठिणग्या उडतात, सॉकेट काळं पडतं, आम्ही खाली काडेपेटीचा टेकू देतो. इंडक्शन शेगडीला १६ अँपिअरचा पॉइंट हवा, तर ओट्याजवळ तोच नाही. मग कन्व्हर्टर, आणि तो वितळतो!

ब्रिटनमध्ये १९४७ च्या मानकापासून प्लगमध्येच फ्यूज, भोकांवर प्लग घातला तरच सरकणारे पडदे. इथे रांगत्या पोराच्या हाताशी उघडी भोकं! पडदेवाले पॉइंट बाजारात मिळतात, तरी घरमालक म्हणतो, "चालतंय की ओ!" काय चालतंय? पोराला झटका बसल्यावर बदलणार का?