गोळी पिळली म्हणून तेल अमर होत नाही

परवा आत्याने कौतुकाने एक बरणी हातात ठेवली. घरी केलेलं क्रीम. झाकण उघडलं तर फर्निचरच्या कारखान्यात आल्यासारखं वाटलं. जवसाचं तेल, कोरफडीचा गर आणि व्हिटॅमिन ईच्या दोन गोळ्या. "वर्षभर टिकतं गं, ग्रुपवर आलंय." झाकणाच्या आतल्या कडेला काळे ठिपके होते, ते तिला चष्म्याशिवाय दिसले नव्हते.

मेसेज तुम्हालाही आलाच असणार. 'नैसर्गिक तेलाला एक्स्पायरी नसते, ती कंपन्यांची चाल. व्हिटॅमिन ईची गोळी पिळा, तेल खराबच होत नाही. आपल्या पूर्वजांनी कधी तारीख लिहिली होती का?'

लिहिली होती. शार्ङ्गधरसंहिता हा आयुर्वेदाचा जुना ग्रंथ उघडा. औषधी तुपं-तेलं किती दिवसांनी हीन, म्हणजे निकामी, होतात ते पहिल्याच अध्यायात दिलंय. कोणी त्याचा अर्थ चार महिने लावतात, कोणी वर्षावर चार, म्हणजे सोळा. तुम्ही सोळाच धरा, माझं काही म्हणणं नाही. पण 'कधीच नाही' हे कुठून काढलं? त्याच ग्रंथात तेल सिद्ध झालं, म्हणजे नीट कढून तयार झालं, की नाही ते ओळखायची खूणही आहे: आतला कल्क, म्हणजे वाटलेल्या औषधांचा गोळा, विस्तवावर टाकला तर आवाज यायला नको. तडतडला म्हणजे पाणी राहिलंय. पूर्वज पाण्याचा थेंबही राहू देत नव्हते आणि आपण वाटीभर कोरफड ओततोय.

आता ती गोळी. मेसेजचा सगळा जीव तिच्यात आहे, म्हणून जरा सविस्तर. तेल खवट होणं आणि बुरशी धरणं ही दोन वेगळी दुखणी. खवटपणा येतो हवेतल्या ऑक्सिजनमुळे, आणि व्हिटॅमिन ई फार तर तेवढ्यालाच थोडा लगाम लावतं. बुरशी आणि जंतू त्याला विचारतसुद्धा नाहीत. कोरफडीच्या गरात शेकडा अठ्ठ्याण्णवच्या आसपास पाणीच असतं. त्यात गोळ्यांची अख्खी पट्टी पिळलीत तरी बुरशीचं काही अडत नाही.

बरं, निदान खवटपणा तरी थांबेल? आत्याकडची पट्टी उलटी करून वाचली: टोकोफेरिल अ‍ॅसिटेट, म्हणजे व्हिटॅमिन ईचं गोळीत घालतात ते रूप. रेणूचं जे टोक खवटपणाला अडवतं, त्यालाच इथे अ‍ॅसिटेट चिकटवलेलं असतं, गोळी स्वतः खराब होऊ नये म्हणून. पोटात गेल्यावर ते सुटतं, त्वचेतही थोडंफार सुटतं. बरणीत ते सोडवणार कोण? तलवार आहे, पण म्यानाला टाके घातलेत.

त्यात तेल निवडलं जवसाचं! लाकडाला लावतात ते अळशीचं तेल म्हणजे हेच. हवेतला ऑक्सिजन ओढून वाळतं, म्हणून तर सुतार ते वापरतात. बरणीतला वास उगीच ओळखीचा वाटला नाही.

'तांब्याच्या भांड्यात ठेवा, तांबं जंतू मारतं.' पाण्यातले मारतं, मान्य. पण तेलात तांबं आणि लोखंड खवटपणाचा वेग वाढवतात. सगळ्या मेसेजमध्ये याच्याइतका उफराटा सल्ला दुसरा नाही. कल्हई का करायचे, आजीला विचारा.

'वास आला तर लव्हेंडरचे चार थेंब.' म्हणजे आंबलेल्या वरणाला वरून फोडणी. शिवाय लव्हेंडरचं तेलही हवेत जुनं झालं की त्यातून अ‍ॅलर्जी करणारी द्रव्यं तयार होतात.

फ्रीजमध्ये ठेवा म्हणतात ते मात्र बरोबर आहे, काय करणार. तिळाचं तेल टिकतं हेही खरं, त्यात सेसमॉलसारखी स्वतःची राखण असते. खोबरेलही टिकतं, पण ते कोरडं असेल तर. ओला चमचा घातला की साबणासारखा वास धरतं.

आत्याला म्हटलं, पाणी नको, कोरफड नको. गडद काचेची छोटी बाटली घे, तिळाचं तेल गळ्यापर्यंत भर, वर तारीख लिही. कोरफड लावायचीच असेल तर पान काप आणि लगेच लाव. ती म्हणाली, "मग या बरणीचं काय करू? बदामाचं तेलही घातलंय थोडं, महागाचं."

बरणी मी घेऊन आले. वाटेत टाकली. तिला अजून सांगितलेलं नाही.