दिवा मालवल्यावर मुलाशी बोलायचंच नाही?

नागपुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. माझ्याकडे तो आठवड्यात तीनदा आला. मजकूर थोडक्यात असा: "दोन-तीन वर्षांच्या मुलाशी दिवा मालवल्यावर एक शब्दही बोलू नका, झोप उडते. रडलं तर रडू द्या, तीन रात्रींत सवय होते. तरी ऐकलं नाही तर बुवाची भीती घाला. आपले आजी-आजोबा असंच करायचे." माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे. हे वाचून मला राहवलं नाही.

बोलण्यानं झोप उडते, हे अर्धंच खरं. "आज काय खाल्लंस? उद्या मामाकडे जायचं ना?" अशा प्रश्नांनी उडतेच, कारण उत्तर द्यायला मुलाला जागं व्हावं लागतं. हळू आवाजात, रोज त्याच क्रमानं सांगितलेल्या चार ओळींचं तसं नसतं. मी त्याला त्याचाच दिवस सांगते: "सकाळी आजीबरोबर तुळशीला पाणी घातलं. दुपारी आमरस खाल्ला. संध्याकाळी तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल अंगणात फिरवला. आता बैल झोपला." शेवटचं वाक्य कधी बदलत नाही. "झोप लवकर" असं मात्र म्हणत नाही, झोप हुकमानं येत नाही. "डोळे उघडे असले तरी चालेल, नुसता पडून राहा," म्हटलं की त्याचं अंग सैल पडतं. 2009 साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ जोडी मिंडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 405 आया आणि त्यांच्या बाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अंघोळ, मालिश, मग कुशीत घेणं किंवा अंगाई, असा ठरलेला क्रम ठेवल्यावर मुलं लवकर झोपली, रात्री कमी उठली. म्हणजे तिथेही आईचा आवाज होताच.

उशिरा झोपण्याचं खापर बोलण्यावर फोडण्याआधी दुपार बघा. मे महिन्यात आपल्याकडे मूल कूलरसमोर पाच-पाच वाजेपर्यंत झोपतं, ऊन उतरल्यावर खेळायला बाहेर पडतं. एक-दोन वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी 11 ते 14 तास आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलाला 10 ते 13 तास झोप लागते, पण ती दुपारची धरून. दुपारी तीन तास झाले तर रात्री साडेनऊला डोळा कसा लागेल?

"रडू द्या" हा सल्ला बरेचदा अमेरिकेतले डॉ. रिचर्ड फर्बर यांच्या नावावर खपवला जातो. 1985 पासून गाजलेल्या त्यांच्या पद्धतीत आई-वडील ठरावीक, वाढत्या अंतरानं परत येतात आणि दोन शब्दांत धीर देतात. मेसेजनं नेमकं हेच गाळलं. अशा पद्धतींनी पाच वर्षांनंतरही मुलांचं नुकसान दिसलं नाही, असं 2012 सालच्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात आढळलं, हे मी मोकळेपणानं मान्य करते. पण तिथेही पालक परत येत होते किंवा जवळ बसत होते. म्हणून मी सांगते, "ओटा पुसून येते," आणि खरंच येते. "इथेच आहे" म्हणून गुपचूप सटकत नाही. मध्यरात्री जाग आल्यावर आई दिसली नाही, तर दुसऱ्या रात्री ते मूल हात सोडेल का?

बुवाबद्दल मला सगळ्यांत जास्त राग आहे. दोन-तीन वर्षांच्या वयात कल्पना फुटते, पण खरं-खोटं अजून नीट वेगळं करता येत नाही. ज्या अंधारात त्याला एकट्यानं डोळे मिटायचे आहेत, त्याच अंधारात आपण बुवा बसवतो. गेल्या वर्षी मारबतीची, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या अक्राळविक्राळ पुतळ्यांची, मिरवणूक पाहिल्यावर माझा मुलगा कितीतरी रात्री दचकत होता. "घाबरतोस काय एवढं?" याचा काही उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो आवाजांना नावं दिल्याचा. घर्र म्हणजे कूलरचा पंप, लांबचा भोंगा अजनी स्टेशनकडच्या रेल्वेगाडीचा, भुंकतो तो कोपऱ्यावरचा काळू.

आणि आजी-आजोबा गप्प बसायचे? माझ्या लहानपणी उन्हाळ्यात संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचे, मग गाद्या पडायच्या. आजी पाठीवर थोपटत ओव्या म्हणायची. पलीकडे आबा आणि काका पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, भावाबद्दल हळूहळू बोलत असायचे, आणि त्यांचं बोलणं संपायच्या आत आम्ही पोरं झोपलेली असायचो.