आजारी पडायचं तर असं पडा

आपल्या राज्यात गरिबाला उपचार फुकट मिळतात. फक्त ते मिळवायला आजारी माणूस ठणठणीत असावा लागतो. गेल्या महिन्यात पोलादपूरच्या मामाला छातीत दुखतं म्हणून मुंबईला आणलं, त्यावरून सुचलेले हे सल्ले. केशरी कार्ड नसलं तरी वाचता येतील.

मुहूर्त बघूनच छातीत कळ येऊ द्या. मामाला आली शुक्रवारी रात्री. तहसील कचेरी शनिवार-रविवार बंद. गावचा माणूस, एवढंही कळू नये!

मुंबई-गोवा महामार्गाने येणार असाल तर रस्ता पूर्ण होईपर्यंत दुखणं दाबून धरा.

बारशालाच नाव नीट ठरवा. मामा आधारवर दत्ताराम, रेशन कार्डावर दत्तू. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण ते दत्तारामाला की दत्तूला, हे ठरेना. योजनेच्या मदत काउंटरवरचा आरोग्यमित्र पोरगा बिचारा भला होता, पण सर्व्हरशी त्याची मैत्री नव्हती. अडीच तास.

आणि ट्रस्टच्या म्हणजे धर्मादाय रुग्णालयात जाणार असाल तर घरून गरिबीचा सराव करून जा. मी कायदा पाठ करून गेलो होतो. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ४१ कक. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६च्या आदेशाने लागू झालेली योजना. १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, बिलांच्या रकमेतले २ टक्के निर्धन रुग्ण निधीत. काउंटरवरच्या ताईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "खाटा फुल आहेत." किती खाटा, कोण आहे त्यांवर? "समाजसेवा विभागात विचारा." तो चौथ्या मजल्यावर. तिथे म्हणाले, उत्पन्नाचा दाखला. रेशन कार्ड पुढे केलं. नाही, तहसीलदाराचाच. अहो, योजनेत तहसीलदाराचा दाखला किंवा रेशन कार्ड किंवा दारिद्र्यरेषेचं कार्ड असं आहे. 'किंवा', 'आणि' नव्हे! साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांची किडनी मागितली. मामा खाली लॉबीत व्हीलचेअरवर, शर्ट घामाने भिजलेला, शेजारी कारंजं थुईथुई नाचतंय. मामी पिशवीतून एकेक कागद काढून मांडीवर ठेवत होती, सातबारासुद्धा. तेवढ्यात दुसरे एक गृहस्थ आले आणि हळूच म्हणाले, "सध्या ५० हजार डिपॉझिट भरा, दाखला आला की बघू." ५० हजार असते तर हा माणूस एसटीने आला असता का हो? तातडीच्या रुग्णाला डिपॉझिटसाठी अडवायचं नाही, हेही त्याच योजनेत लिहिलंय. लिहिलंय म्हणजे काय, छापून भिंतीवर लावलंय, कुंडीतल्या पामच्या मागे.

शेवटी महापालिकेच्या रुग्णालयात नेलं. दोन खाटांच्या मधे जमिनीवर गादी मिळाली. पण मिळाली. कोणी दाखला मागितला नाही. डोळे लाल झालेली एक निवासी डॉक्टर पोरगी खाली बसून "काका, जीभ वर करा, गोळी ठेवते" म्हणाली. तिच्या वॉर्डात दुप्पट माणसं, आणि ती तरी किती जणांपुढे बसणार?

पुरे झाले सल्ले. ट्रस्टवाल्यांनो, प्राप्तिकराची सवलत घेताना तुम्ही धर्मादाय आणि खाट देताना पंचतारांकित, लाज वाटत नाही? आणि सरकार, माझा मामा दोनशे किलोमीटर कशाला आला? फलकावरचे ५ लाख खायचे का त्याने? त्याला तालुक्यात हृदयाचा डॉक्टर हवा होता, रात्री उघडं असणारं दार हवं होतं.

तुम्हीही गप्प बसू नका, मेडिक्लेमवाल्यांनो. त्याच लॉबीत तुम्ही कॉफी पीत बसला होतात आणि मामीने मांडलेले कागद बघून मान फिरवलीत. तुमच्या बिलांवरही ते २ टक्के निघतात. पुढच्या वेळी बिल भरताना त्या काउंटरवर विचारा, कुठे गेले म्हणून.