दारू पिऊन गाडी, पहिली तारीख आणि आमचे दाजी

आमच्या घरच्या ग्रुपवर नाताळापासून एकच विषय चालू आहे. दाजींच्या पुतण्याला संभाजीनगरात जालना रोडला नाकाबंदीत धरलं, मशीनमध्ये फुंकायला लावलं, आकडा जास्त आला, गाडी ठेवून घेतली आणि पोराला कोर्टात हजर राहायची नोटीस. कुणी मेलं नाही, कुणाला खरचटलंसुद्धा नाही, तरी ग्रुपवर दोन पार्ट्या पडल्यात. दाजींची पार्टी म्हणायली की पहिल्याच वेळेला कोर्ट कशाला, दहा हजार जागेवर घ्या, पावती फाडा, पोराचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष आहे, कशाला वाटोळं करायलेत. दुसरी पार्टी म्हणजे आमचा चुलतभाऊ, तो म्हणतो अमेरिकेत असता तर जजनं पहिल्याच दिवशी आत टाकला असता, तिकडं कायदा म्हणजे कायदा, विचारा आपल्या साहेबाला. साहेब म्हणजे मी.

राग दोघांचाही आला पण चुलतभावाचा जास्त. दाजी निदान पुतण्यासाठी भांडायलेत, हा माझ्या नावावर अमेरिका खपवतोय.

तर ऐका. मी राहतो त्या कॅलिफोर्नियात पहिल्यांदा दारू पिऊन गाडी चालवताना सापडलं तर जास्तीत जास्त शिक्षा सहा महिने. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये पहिल्या वेळेला जास्तीत जास्त किती? सहा महिने. दंड आपल्याकडं दहा हजार, २०१९ च्या दुरुस्तीआधी तो जास्तीत जास्त दोन हजार होता. इकडं मूळ दंड ३९० ते १००० डॉलर, त्यावर असेसमेंट म्हणजे निरनिराळे अधिभार लागून तो काही पटीत जातो ते वेगळं. आणि दारूची मर्यादा? आपल्याकडं शंभर मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे इकडच्या भाषेत ०.०३, आणि इकडं ०.०८. आख्ख्या अमेरिकेत एकटं युटा राज्य ०.०५ वर आलंय. म्हणजे पुस्तकात बघितलं तर आपला कायदा कडक आहे, जालना रोडवर जो ०.०४ ला सापडतो तो इकडं सॅन होजेत बहुतेक सुटला असता. हे मी ग्रुपवर टाकलं तर चुलतभावानं अंगठासुद्धा दिला नाही.

दाजींनाही सांगतो, १८५ हे जागेवर मिटवायचं कलमच नाही. सिग्नल तोडला, हेल्मेट नाही, त्याची पावती पोलीस फाडू शकतो, पण १८५ चा दंड फक्त कोर्ट लावू शकतं. त्यामुळं जागेवर दहा हजार घ्या म्हणजे नेमकं कुणाच्या खिशात घ्या, हे दाजींना कुणी विचारेना.

आता पहिल्या तारखेला काय होतं ते. माझा एक मित्र आहे, परभणीकडचा, आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो. त्याला शुक्रवारी रात्री १०१ नंबरच्या हायवेवर थांबवलं, आकडा आला ०.०९. रात्रभर ठेवलं, सकाळी सोडताना लायसन्स काढून घेतलं आणि हातात गुलाबी कागद दिला, तीस दिवस त्याच्यावर गाडी चालवायची, आणि दहा दिवसांच्या आत डीएमव्हीकडं, म्हणजे इकडच्या आरटीओकडं, सुनावणी मागायची, नाही मागितली की लायसन्स आपोआप गेलं. कोर्टाची तारीख वेगळी. म्हणजे कोर्टाच्या आधीच अर्धी लढाई एका ऑफिसच्या फोनवर असते आणि ती बहुतेकांना माहीतच नसते, सगळे कोर्टाच्या भीतीत दहा दिवस घालवतात.

कोर्टाच्या दिवशी गाडी मी चालवली. मित्रानं सूट घातलेला, रात्रभर झोपला नव्हता, गाडीत पाठ केलेलं बोलून दाखवत होता की युवर ऑनर, आय ॲम एक्स्ट्रीमली सॉरी, माझी पहिलीच वेळ, माझे वडील शिक्षक आहेत वगैरे. वकिलानं कॉरिडॉरमध्येच सांगितलं, एक अक्षर बोलायचं नाही. मित्राला ते पटेना. चूक झाली साहेब, एवढं तरी हात जोडून म्हणू द्या म्हणे. वकील म्हणाला, ते तू बोलू नयेस याचेच मी पैसे घेतलेत.

दाराबाहेर त्या दिवशीच्या नावांची यादी चिकटवलेली. आत बाकावर पायात कामाचे बूट घातलेले मजूर, ड्युटीवरून सरळ आलेली नर्स, एक म्हातारा, दोन कॉलेजची पोरं आणि आमचा सूटवाला. कुणीतरी टोपी घालून बसलं म्हणून बेलिफ ओरडला. मग सगळ्यांना एकदमच हक्क वाचून दाखवले, वकिलाचा हक्क, परवडत नसेल तर सरकारी वकील, ज्यूरीचा हक्क, गप्प राहायचा हक्क. मग एकेक नाव. मित्राचं नाव आलं, वकील उठला, नॉट गिल्टी म्हणाला, ४५ दिवसांत खटला चालवायचा हक्क सोडतो म्हणाला, जजनं विचारलं हे मान्य आहे का, मित्र म्हणाला येस युवर ऑनर, पुढची तारीख मिळाली, संपलं. पार्किंगच्या मशीनपुढं जास्त वेळ गेला. बाहेर आल्यावर मित्र मलाच विचारतो, मी तर पिलेलो होतो ना रे, मग हा नॉट गिल्टी का म्हणाला? कारण पहिल्या तारखेला तसंच म्हणतात, पोलिसांचा रिपोर्ट अजून वकिलानं नीट वाचलेला नसतो, मशीन कधी तपासलं होतं ते बघितलेलं नसतं, मग कबूल कशाला करायचं. जज चिडत नाही, त्यालाही तेच अपेक्षित असतं. जे चिडवतं ते म्हणजे हजर न राहणं, त्याला लगेच वॉरंट निघतं.

आपल्याकडं याच्या बरोब्बर उलटा सल्ला देतेत. पुकारा झाला की उभा राहा, साहेबांनी गुन्हा कबूल आहे का विचारलं की हो म्हण, मान खाली घाल, दंड भर, फार तर कोर्ट उठेपर्यंत बसून राहायची कैद होईल, संध्याकाळी पावती दाखवून गाडी सोडव. दाजींच्या वकिलानंही हेच सांगितलंय म्हणे. असेल, सोपं आहे, तारखांचे खेटे वाचतात. पण कबूल केलं म्हणजे दोषी ठरला, ते नुसतं बिल भरणं नाही. आणि हाच पुतण्या पुढच्या वर्षी एमएसला इकडं यायचं म्हणतोय. व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये सरळ प्रश्न आहे, कधी अटक झाली का, कधी दोषी ठरलात का, माफी मिळाली असली तरी सांगा. दहा हजारात मिटलं म्हणणाऱ्यांपैकी कुणी तो फॉर्म भरलेला नाही. मी भरलाय.

तरी पण जिथंतिथं अमेरिकेचं कौतुक करायला मला सांगू नका. पुण्याच्या कल्याणीनगरला मे २०२४ मध्ये पोर्शेनं दोन इंजिनिअर मेले आणि त्या अल्पवयीन पोराला ३०० शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर जामीन मिळाला, तेव्हा माझ्या ऑफिसात एकानं हसत विचारलं, तुमच्याकडं निबंधावर सोडतात का? मी त्याला तिथल्या तिथं २०१३ चं टेक्सास सांगितलं. सोळा वर्षांच्या पोरानं दारूच्या नशेत चार जण मारले, बचावाच्या साक्षीदारानं सांगितलं की फार श्रीमंतीत वाढल्यामुळं त्याला बरंवाईट कळत नाही, आणि जजनं दहा वर्षांचं प्रोबेशन देऊन तुरुंगाबाहेर ठेवलं. तो गप्प बसला. घरी येऊन ग्रुप उघडला तर तिथं निबंधावरच जोक चालू, आणि मी त्या जोकवर हसलो. इकडं आपल्याची बाजू घ्यायची, तिकडं इकडची अक्कल शिकवायची, असा माझा दुहेरी धंदा आहे.

एक गोष्ट मात्र इकडची आपल्याकडं यावी असं मनापासून वाटतं. शेवटी तडजोड होऊन गुन्हा मान्य करताना आरोपीकडून एका सूचनेवर सही घेतात. सूचना अशी, की दारू पिऊन गाडी चालवणं माणसाच्या जिवाला धोक्याचं आहे हे मला आता सांगितलेलं आहे, यापुढं मी तसं केलं आणि कुणी मेलं तर माझ्यावर खुनाचा खटला होऊ शकतो. निष्काळजीपणाचा नाही, खुनाचा. १९८१ च्या वॉटसन खटल्यावरून तिला वॉटसन सूचना म्हणतात. मित्राचा गुन्हा शेवटी वेट रेकलेसवर उतरला, म्हणजे दारू पिऊन बेदरकार गाडी चालवणं, डीयूआय या दारू पिऊन गाडी चालवण्याच्या मूळ गुन्ह्यापेक्षा एक पायरी खाली, पण त्या कागदावर सही करताना त्याचा हात थांबला हे मी बघितलंय.

पण त्याला खरी शिक्षा कोर्टानं दिलीच नव्हती. दुसऱ्या तारखेच्या आधीच त्याला ईमेल आला की तुमचा व्हिसा रद्द केला आहे. दोषी ठरायची गरज नाही, नुसती अटक पुरते, २०१५ पासून ते असंच चालतं. इथं राहायला हरकत नाही, पण एकदा देशाबाहेर गेलं की नवीन व्हिसा, त्याच्यासाठी त्यांच्या डॉक्टरकडून तपासणी, तू दारूडा आहेस का नाहीस याचा दाखला. त्याच वर्षी त्यांच्या शेताच्या वाटण्या होत्या. गेला नाही. मुखत्यारपत्र करून पाठवलं आणि भावकीनं विहिरीकडचा तुकडा घेतला. हे कुठल्या कलमात आहे सांगा.

हक्क वाचून दाखवताना एक वाक्य असतं, तुम्ही नागरिक नसाल तर दोषी ठरल्यास हद्दपारी होऊ शकते, पुन्हा प्रवेश नाकारला जाऊ शकतो, नागरिकत्व नाकारलं जाऊ शकतं. बाकी सगळी यादी सगळ्यांसाठी होती. या वाक्याला काही जणांनी मान वर केली आणि एकमेकांना न बघता सगळ्यांना कळलं आपण कोण ते. मी आरोपी नव्हतो, मागं बसलेलो, तरी मीही मान वर केली.

आमचे आजोबा गावात कुणाचेही जामीन राहायचे. सातबारा, फेटा आणि तंबाखूची डबी घेऊन एसटीनं अंबाजोगाईच्या कोर्टात, लहानपणी मीही सोबत जायचो, कोर्टाच्या आवारात लिंबाखाली काळे कोट, टायपिंगवाले, चहा, आणि शिपाई दारात येऊन नाव पुकारायचा तसा आवाज मी नंतर कुठं ऐकला नाही. आजी वैतागायची की त्या दारूड्यासाठी आपली जमीन कशाला अडकवता. आजोबा म्हणायचे, गावातला आहे. सॅन होजेत माझ्या मित्राला स्वतःच्याच हमीवर सोडलं, कुणाचा सातबारा लागला नाही, आणि चुलतभावाला मी तेच रुबाबात सांगितलं की बघ, इकडं माणसाच्या शब्दावर सोडतात. खरी गोष्ट अशी की सातबारा लागला असता तर आणायचा कुणाकडून? इतकी वर्षं झाली, घराचं लोन आहे, पोरं इथल्या शाळेत, कॉस्टकोतले लोक ओळखतात, पण रात्री दोनला ज्याच्याकडं माझ्या जामिनासाठी जावं असं माणूस मला या गावात सांगता येत नाही. मी इकडं दोन बियरनंतर उबर करतो त्याला चुलतभाऊ शिस्त म्हणतो. शिस्त कसली, कागद जाईल याची भीती आहे. तिकडं आलो की त्याला म्हणतो गाडी तू चालव, तो म्हणतो चालव की तूच, आपल्याला कोण धरतंय, आणि ते ऐकून मला बरं वाटतं, हे ग्रुपवर लिहायची माझी हिंमत नाही.

परवा पुतण्यानं वेगळा फोन केला. मामा, कोर्टात नेमकं काय विचारतेत, तुम्ही सुट्टीत येताल का तोवर? मी त्याला सांगायला लागलो तर माझ्या तोंडून सगळं सॅन होजेचंच निघालं, यादी कुठं चिकटवतात, पार्किंग कुठं करायचं, टोपी काढायची. त्याला त्याचा काय उपयोग. मग अंबाजोगाईचा माझा शाळेतला एक दोस्त आता संभाजीनगरात वकिली करतो, त्याचा नंबर दिला, आणि सांगितलं की मशीनची प्रिंट, दवाखान्यातला मेडिकलचा कागद आणि नोटीस घेऊन आधी त्याच्याकडं जा, एमएसचं पण सांग, आणि कबूल करायचं का नाही ते तो कागद वाचून सांगेल. दाजींना यातलं काही बोलू नको म्हणालो, ते आधीच कुण्या पीआयचा नंबर शोधायलेत.